नदीचं मूळ

माझे वडील भूकरमापक होते. सातारा जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांत त्यांची बहुतेक नोकरी गेली. घरात एक जुनी लोखंडी साखळी होती. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले असेन. मे महिन्याच्या सुट्टीत अण्णा मला कधीकधी मोजणीला बरोबर न्यायचे. सोबत पाण्याची कळशी आणि भाकरी असायची आणि बांधावर उभी असलेली माणसं एकमेकांकडे न बघता बोलत असायची.

त्यातली एक मोजणी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. दोन चुलतभावांचा वाद होता. टिपणात हद्द लिहिली होती ओढ्याची, आणि ओढा खाली एकच असला तरी वर एका जांभळापाशी त्याचे दोन फाटे व्हायचे. मधे साताठ गुंठ्यांची पट्टी होती. एक भाऊ म्हणे, डावा फाटा मोठा, तोच ओढा. दुसरा म्हणे, आमच्या आज्यापासून उजव्याला ओढा म्हणतात. अण्णांनी साखळी खाली ठेवली आणि शेजारच्या वाडीतल्या एका म्हातारीला बोलावणं पाठवलं. सगळा जन्म तिने तिथे शेरडं राखली होती. ती आली, जांभळाखाली बसली आणि म्हणाली, "ह्याला पाणी लय येतं पावसात. पर त्यो आटत न्हाई. आमी पानी भरतो त्यो वढा." तिचं म्हणणं अण्णांनी पंचनाम्यात शब्दशः उतरवून घेतलं. दोन्ही भावांच्या सह्या घेतल्या, लगतच्या खातेदारांच्या घेतल्या, म्हातारीचा अंगठा घेतला. येताना मला म्हणाले, "हद्दकायम मोजणीत आधी लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते. कुणी आलं नाही, तर आलं नाही असं लिहायचं. पण बोलवायचंच."

ही आठवण मला परत आली ती २०१६ साली, हिमालयात, गुंजी नावाच्या गावाबाहेर. कैलास-मानसरोवराच्या यात्रेला गेले होते, लिपुलेख खिंडीच्या वाटेने. आपल्याकडून दरवर्षी बरेच लोक या वाटेने जायचे. त्यांना धारचुला, बुधी, गुंजी, नाभीढांग ही नावं आळंदी-जेजुरीसारखी पाठ असतात. धारचुल्यापासून वर निघालं की काली नदी कायम उजव्या हाताला. पलीकडच्या तीरावर नेपाळ. इतकं जवळ की पलीकडे चूल पेटलेली दिसते, कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. गालाहून चार हजारांवर पायऱ्या उतरून नदीकाठी आलो. माल्पा लागलं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इथे दरड कोसळून दोनशेवर माणसं गेली, त्यांत साठ यात्रेकरू होते. तिथे कुणी फार बोलत नाही. मग बुधी, मग छियालेखचा चढ, मग गर्ब्यांग, जमिनीत खचत चाललेलं गाव. कोरीव लाकडी चौकटींची घरं तिथे अजून उभी आहेत, पण एकेक तिरपं झालेलं.

आमच्याबरोबर जो घोडेवाला होता तो गुंजीकडचाच, रुङ समाजातला. ब्यांस, चौदांस आणि दारमा या तीन खोऱ्यांतले हे लोक. बाहेरचे त्यांना भोटिया किंवा शौका म्हणतात, ते स्वतःला रुङ म्हणतात. गर्ब्यांगच्या पुढे त्याने नदीपलीकडच्या एका गावाकडे बोट दाखवलं. "छांगरू. मेरी माँ का मायका." म्हणजे त्याच्या मामाचं गाव. सुट्टीत मामाच्या गावाला जाणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. ह्याच्या मामाचं गाव परदेशात होतं.

गुंजीला दोन नद्या मिळतात. वायव्येकडून, लिंपियाधुराच्या बाजूने कुटी यांक्ती येते. ईशान्येकडून, लिपुलेखच्या बाजूने, कालापानीवरून दुसरा प्रवाह येतो. संगमावर मी बराच वेळ उभी राहिले. वैद्यकीय तपासणीसाठी गुंजीला दोन रात्री मुक्काम असतो, त्यामुळे घाई नव्हती. साध्या डोळ्यांना दिसत होतं की कुटी मोठी आहे. तिचं पाणी जास्त, पात्र रुंद, आवाज मोठा. मी घोडेवाल्याला विचारलं, यातली काली कुठली? तो म्हणाला, "दीदी, ये कुटी का पानी है, वो कालापानी का. नीचे सब काली."

नीचे सब काली. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी ही सरहद्द लिहिली त्यांनाही एवढंच माहीत होतं, खाली सगळी काली. वरचं त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

सुगौली हे गाव आज बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यात आहे, मोतिहारीजवळ. चारी बाजूंना सपाट शेतं. २ डिसेंबर १८१५ रोजी इथे इंग्रज-नेपाळ तहाचा मसुदा ठरला. कंपनीतर्फे लेफ्टनंट कर्नल पॅरिस ब्रॅडशॉ, नेपाळतर्फे गजराज मिश्र आणि चंद्रशेखर उपाध्याय. काठमांडूने मान्यता द्यायला वेळ लावला, तेव्हा जनरल ऑक्टरलोनी पुन्हा फौज घेऊन मकवानपूरपर्यंत चढला, आणि ४ मार्च १८१६ ला तह कायम झाला. युद्धाआधी गोरखा राज्य पश्चिमेला सतलजपर्यंत आणि पूर्वेला तिस्तेपर्यंत पसरलेलं होतं. तहाने ते पश्चिमेला कालीपर्यंत आणि पूर्वेला मेचीपर्यंत आवळलं.

पाचवं कलम मला जवळजवळ पाठ आहे. नेपाळचा राजा स्वतःसाठी, आपल्या वारसांसाठी आणि उत्तराधिकाऱ्यांसाठी काली नदीच्या पश्चिमेच्या मुलखावरचा सगळा हक्क आणि संबंध सोडतो, आणि त्या मुलखाशी किंवा तिथल्या रहिवाशांशी पुन्हा कधीही कसलाही संबंध ठेवणार नाही, असं वचन देतो. संपलं. कालीचा उगम कोणता, वर फाटे किती, त्यातला कुठला धरायचा, याबद्दल एक अक्षर नाही. सोबत सह्या केलेला नकाशाही जोडलेला नाही.

ब्रॅडशॉला मी वाईट म्हणत नाही. १८१५ च्या एप्रिलमध्ये अल्मोडा पडलं तेव्हा कुमाऊंचा गोरखा सुभेदार बम शाह याने कालीच्या पूर्वेला निघून जायचं कबूल केलं होतं. फौजेच्या दृष्टीने नदी ही सोयीची गोष्ट असते. सैनिकाला सांगायला सोपी, नकाशावर दाखवायला सोपी, पहारा ठेवायला सोपी. आणि कुमाऊं-गढवालच्या लोकांना गोरखा अंमल गेल्याचं दुःखही नव्हतं. त्या जुलमी वर्षांना तिथे आजही गोरख्याणी म्हणतात. पण सैनिकाला ज्या नदीची कड दिसते, त्या नदीच्या दोन्ही कडांवर माणसं राहतात. डोंगरात माणसाचं राहणं खोऱ्याने असतं. चढण अवघड, नदीकाठ सोपा, म्हणून शेत इकडे, कुरण तिकडे, सोयरीक दोन्हीकडे. नदी त्यांच्या घराच्या मधल्या ओटीसारखी. तह करणाऱ्यांनी नेमकी तीच ओटी हद्द म्हणून निवडली.

तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा, म्हणजे पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज. आपल्याकडच्या शाळेत हे नाव येतं ते १८१८ च्या धड्यात, पेशवाई बुडाली तिथे. सुगौलीचा तह कायम होऊन दोन वर्षं पुरी होतात न होतात तोवर पुण्याचं राज्य गेलं. काठमांडूचे वकील मराठ्यांकडे, शिंद्यांकडे मदतीची खटपट करत होते आणि दोन्ही आघाड्या एकदम उघडतील ही कंपनीला धास्ती होती. उत्तरेकडची हद्द घाईने बांधून घेण्यामागे तेही एक कारण असावं, असं मला वाटतं. ज्या माणसाच्या कारकिर्दीत शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं, त्याच्याच कारकिर्दीत माझ्या घोडेवाल्याचं आजोळ तुटलं.

तुटलं ते १८१७ मध्ये. तहानंतर वर्षभरात प्रश्न आला की ब्यांस खोऱ्यातली टिंकर आणि छांगरू ही गावं कालीच्या पूर्वेला आहेत, मग ती कुणाची? तहाच्या शब्दाप्रमाणे ती नेपाळला देण्यात आली. मग नेपाळने पुढचं मागितलं: कुटी आणि नाबी ही गावंही द्या, कारण जास्त पाण्याचा प्रवाह कुटीकडचा, म्हणजे खरी काली तीच. कंपनीने नाही म्हटलं. उत्तर असं होतं की प्रवाह लहान असला तरी कालापानीच्या पवित्र झऱ्यातून येणाऱ्या पाण्यालाच नेहमी काली मानत आले आहेत.

हे वाचलं तेव्हा मला जांभळाखाली बसलेली ती म्हातारी दिसली. ह्याला पाणी लय, पर त्यो वढा. दोनशे वर्षांचा वाद तोच आहे. नदी कशी ओळखायची? ज्याला पाणी जास्त ती? जी लांब ती? जिच्या काठी देऊळ ती? लोक जिला हाक मारतात ती? भूगोलाकडे याचं एकच एक उत्तर नाही. गंगेचं मूळही आपण गोमुखापासून धरतो, अलकनंदेला पाणी जास्त असलं तरी. म्हणून तर म्हणतात, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. या म्हणीत जो शहाणपणा आहे तो असा की मुळाशी गेलं की एकाचे दहा होतात, झरे, ओहोळ, पाझर, आणि ज्याला आपण एक म्हणत होतो ते हातातून निसटतं. तहाने मात्र हद्द नदीला बांधली, म्हणजे मूळ विचारणं भाग पाडलं. आणि उत्तर कागदावर न लिहिता ठेवलं.

पुढचं सगळ्यांना बातम्यांतून माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कंपनीच्या काळातल्या काही नकाशांवर काली हे नाव लिंपियाधुराकडून येणाऱ्या प्रवाहावर आहे, नंतरच्या नकाशांवर कालापानीकडच्या. नेपाळ पहिल्यांकडे बोट दाखवतो, भारत नंतरच्यांकडे आणि इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या महसुलाच्या, कारभाराच्या नोंदींकडे. १९५४ च्या भारत-चीन करारात लिपुलेख यात्रेकरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या खिंडींमध्ये होती. १९६२ ला ती बंद झाली, १९८१ पासून यात्रा सुरू झाली. ८ मे २०२० रोजी धारचुला-लिपुलेख रस्त्याचं उद्घाटन झालं, त्याच महिन्यात नेपाळने लिंपियाधुरापर्यंतचा त्रिकोण आपल्यात दाखवणारा नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये तो राज्यघटनेत घातला. सुमारे ३३५ चौरस किलोमीटर. अण्णांच्या मापात, गुंठ्यांत, हिशेब करून बघावा असं मनात आलं होतं. केला तेव्हा तेहतीस लाखांच्या आसपास आला. साताठ गुंठ्यांसाठी दोन भाऊ आयुष्यभर बोलले नाहीत, ते मी पाहिलं होतं.

सुगौली हा एकटा तह नाही. १८९० चा कलकत्ता करार घ्या. सिक्कीम आणि तिबेटची सरहद्द म्हणजे तिस्तेचं पाणी आणि तिबेटातल्या मोचूचं पाणी ज्या कण्यावर वेगळं होतं तो पाणलोट, असं त्यात लिहिलं. ठीक. पण त्याच कलमात असंही लिहिलं की ही रेषा भूतानच्या सरहद्दीवर गिपमोची शिखरापासून सुरू होते. जमिनीवर पाणलोट जातो उत्तरेकडच्या बटांग ला खिंडीपाशी, आणि गिपमोची राहतं कित्येक किलोमीटर दक्षिणेला. एका कलमात दोन हद्दी, आणि मधलं पठार डोकलाम. २०१७ च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांहून जास्त काळ दोन देशांचे सैनिक तिथे समोरासमोर उभे होते. त्यातल्या कुठल्या तरी पोराची आई आपल्या सातारा-कोल्हापूरच्या बाजूला रोज बातम्या लावून बसली असणार. १८९३ मध्ये काबूलला इंग्रजांच्या ड्युरंडने अफगाण अमीर अब्दुर रहमानशी जी ओळ ठरवली तिने पश्तून टोळ्यांची गावं आणि कुरणं दोन सरकारांत वाटली. १९१४ मध्ये मॅकमहोनने तिबेटच्या प्रतिनिधीबरोबर जी लाल रेघ ओढली, ती ज्या नकाशावर होती त्यात एक इंच म्हणजे आठ मैल. आठ मैलांत डोंगरात तीन गावं, दोन देवराया आणि एक बाजार बसतो. बोरूची जाडीसुद्धा तिथे एखादा पूर्ण उतार गिळून टाकते.

पण मी पुन्हा कुमाऊंकडेच येते, कारण तिथेच मला एक गोष्ट अशी सापडली की ती अण्णांना सांगायला मी परत आल्यावर थेट गावी गेले. कुमाऊंचा इंग्रज कमिशनर जॉर्ज विल्यम ट्रेल याने १८२३ मध्ये, म्हणजे सुगौलीनंतर सातच वर्षांनी, गावोगावच्या हद्दींची नोंद करवून घेतली. विक्रम संवत १८८० होतं, म्हणून तिला अजून सन अस्सीचा बंदोबस्त म्हणतात. मोजणी झालेली नव्हती. गावचे लोक सांगतील तसं लिहून घेतलं: अमक्या धारेपर्यंत, तमक्या गधेऱ्यापर्यंत, त्या दगडापर्यंत, त्या झाडापर्यंत. धार म्हणजे डोंगराचा कणा, गधेरा म्हणजे आपला ओढा. साखळी नाही, नकाशा नाही, आणि तरी त्या हद्दी आजही वनपंचायतींच्या तंट्यांत पुरावा म्हणून काढल्या जातात.

अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. ऐकू कमी यायचं, म्हणून मी मोठ्याने सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्याच सरकारच्या एका साहेबाने गावाची शीव गावाला विचारून लिहिली, आणि दुसऱ्याने देशाची शीव लिहिताना कुणालाच विचारलं नाही."

मी म्हटलं, हो.

"ब्यांसच्या लोकांना नोटीस गेली नव्हती."

नव्हती.

त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं होतं, मोजणीच्या कागदांत काही राहून गेलंय का ते बघावं तसं. माझ्या घशाशी मात्र काहीतरी आलं. रुङ लोकांचा सगळा संसार त्या खिंडींवर चालायचा. उन्हाळ्यात वर ब्यांसमध्ये, हिवाळ्यात खाली धारचुल्याकडे. शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लहान दुहेरी पिशव्या टाकून धान्य आणि गूळ तिबेटातल्या तकलाकोटच्या बाजारात न्यायचा, मीठ, लोकर आणि टाकणखार आणायचा. एक मेंढी फार ओझं नेत नाही, पण शेकडो मेंढ्या म्हणजे वाहती वखार. १९६२ ला ती वाट बंद झाली तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नाही. सरहद्द म्हणजे काय असतं ते आम्हाला टीव्हीवर कळतं, त्यांना ते मेंढ्या विकाव्या लागल्या तेव्हा कळलं.

मला कुणी विचारलं की कालापानी कुणाचं, तर मी भारतीय आहे, आणि ज्या गावांचा कारभार दोनशे वर्षं इकडून चालला ती गावं इकडचीच, असं मला वाटतं. गुंजीच्या लोकांनाही तसंच वाटतं, हे मी तिथे त्यांच्याच तोंडून ऐकलं. पण नेपाळी माणूस कुटीच्या पाण्याकडे बोट दाखवून बघा ना, मोठी नदी कुठली ते, असं म्हणाला तर त्याला खोटा म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मी ते पाणी पाहिलं आहे. दोन्ही सरकारं कधी बसतील तेव्हा बसतील. बसतील तेव्हा टेबलापाशी एक खुर्ची छांगरूच्या माणसाची आणि एक गुंजीच्या माणसाची असावी, एवढंच मला मनापासून वाटतं. शक्यतो दोघं मामा-भाचे असावेत.

परतीच्या प्रवासात आम्ही धारचुल्याला एक रात्र होतो. गावाच्या मधोमध नदीवर झुलता पूल आहे, पलीकडे नेपाळचं दार्चुला. पासपोर्ट लागत नाही. पोलीस पिशवीत डोकावतात आणि सोडतात. दिवसभर त्या पुलावरून माणसं येत-जात असतात, साखरेचं पोतं, स्टीलची भांडी, नवी चप्पल, औषधाची पिशवी घेऊन. संध्याकाळी पूल बंद होतो. आमचा घोडेवालाही तिथे होता, त्याच्या मामाची मुलगी पलीकडे शिकायला राहते, तिच्यासाठी आईने दिलेलं काहीतरी त्याच्या हातात होतं. फडक्यात बांधलेलं, खाली तुपाचा डाग. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे चालतं, आणि फाटक कुठल्या घड्याळाप्रमाणे बंद होणार यावरून दोन्हीकडचे पोलीस हसत बोलत होते. तो पुलावर धावला. मधोमध पोचला तेव्हा पलीकडून एक मुलगी धावत येताना दिसली, वेणी उडत होती. दोघं पुलाच्या मधे थांबली, खाली काली, तिने फडकं हातात घेतलं, वास घेतला, आणि काहीतरी म्हणाली. पाण्याच्या आवाजात आम्हाला काठावर ते ऐकू आलं नाही.